आधी शेवटचा रंग, मग पहिला: आरसी गाडीची पारदर्शक बॉडी कशी रंगवायची

हा भाग ज्यांना कानाऐवजी डोळ्यांनी ऐकायचाय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे हाताने दाखवावं लागतं, ते इथे थोडं सविस्तर लिहिलंय.

आज विषय आहे आरसी गाडीच्या पारदर्शक बॉडीचा. रिमोटवर पळणाऱ्या १/१० स्केलच्या गाडीची बॉडी घेतली की डब्यातून काय निघतं? काचेसारखं आरपार दिसणारं, हलकंसं टरफल. रंग नाही, काही नाही. रंग आपणच द्यायचा. आणि तो बाहेरून नाही, आतून द्यायचा.

आतून का? कारण ही गाडी उलटते, घसरते, भिंतीवर आपटते. बाहेरून दिलेला रंग पहिल्याच दिवशी खरवडला जाईल. आतून दिला की वरचं प्लास्टिकच त्याचं कवच होतं, आणि वर वेगळी चकाकीही द्यावी लागत नाही. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. अनेक जण त्याला सरसकट लेक्सान म्हणतात, पण ते एका ब्रँडचं नाव. त्याचा मोठा गुण म्हणजे ते दाबलं तर वाकतं आणि परत जागेवर येतं, सहसा तुटत नाही.

इथेच पहिली मेख आहे. बॉडी वाकते, तर रंगही तिच्यासोबत वाकला पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे पॉलिकार्बोनेटला नीट धरत नाही. पहिल्या धडकेत त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून डब्यावर 'पॉलिकार्बोनेटसाठी' असं लिहिलेलाच रंग घ्या. जपानच्या तामिया कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांचे 'पीएस' मालिकेचे स्प्रे पारदर्शक बॉडीसाठी आहेत आणि 'टीएस' मालिकेचे कडक प्लास्टिकच्या मॉडेलसाठी. डबे दिसायला सारखे, नावात एका अक्षराचा फरक. विकत घेताना ते अक्षर दोनदा वाचा.

आता मुख्य मुद्दा. आतून रंगवायचं म्हणजे क्रम उलटा. जुन्या घरांत काचेवर मागून रंगवलेल्या देवांच्या तसबिरी असायच्या, आठवतात? त्यात डोळे आणि दागिने आधी काढायचे, मग चेहरा, मग कपडे आणि मागची पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. आपल्या बॉडीचंही तसंच. जो रंग आधी मारला, तोच बाहेरून दिसणार. त्यावर नंतर काहीही मारलं तरी ते त्याच्या मागे लपतं. म्हणूनच इथे अनडू नाही. भिंतीवर चुकलं तर वरून दुसरा हात मारता येतो, इथे येत नाही. थिनर किंवा ॲसिटोन लावून रंग काढायला जाल तर प्लास्टिकच धुरकट होईल, बारीक तडे जातील. त्यामुळे सगळा विचार स्प्रे उचलायच्या आधी करायचा.

एक डिझाइन घेऊन पाहू. लाल गाडी, मधोमध पांढरा पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारीक काळी रेघ.

पायरी १: भोकं आणि कापणी. बॉडी चॅसिसवर ठेवा. ती आरपार दिसते, तोवरच खांब कुठे येतात ते अचूक कळतं, म्हणून तिथे आत्ताच खूण करा आणि भोकं पाडा. ड्रिलपेक्षा हाताने फिरवायचा रीमर बरा, कारण भोक हळूहळू मोठं होतं आणि कड फाटत नाही. चाकांच्या कमानी वाकड्या कात्रीने कापा. कडेला खाच राहू देऊ नका. चीर तिथूनच सुरू होते.

पायरी २: धुणं. साच्यातून बॉडी सहज सुटावी म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश तिच्यावर राहिलेला असू शकतो. भांडी घासायचा लिक्विड साबण, कोमट पाणी आणि मऊ स्पंज वापरा. काथ्या नको, चरे पडतील. पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर आत बोट लावू नका. बोटाच्या तेलावर रंग बसत नाही.

पायरी ३: मास्किंग. बॉडीच्या बाहेर एक पातळ संरक्षक फिल्म असते. ती अजिबात काढायची नाही. उलट डिझाइन त्याच फिल्मवर मार्करने काढा. रेघा आतून दिसतात, आणि नाव किंवा नंबर लिहायचा असेल तर उलटी अक्षरं काढायची डोकेदुखी नाही. बाहेरून सुलटं काढलं की आतून ते आपोआप उलटं दिसतं.

खिडक्यांना आतून तयार मास्क लावा. मग बाकीच्या आतल्या भागावर लिक्विड मास्कचे तीन-चार हात द्या, प्रत्येक हात वाळवून. रात्रभर ठेवलं की त्याची रबरासारखी साल तयार होते. आता नवं ब्लेड घ्या आणि मार्करच्या रेघांवरून साल कापा. जोर फक्त ब्लेडच्या वजनाइतका. साल कापायचीय, बॉडी नाही. प्लास्टिकवर ओरखडा पडला तर रंग त्यात शिरून बाहेरून रेघ दिसेल आणि बॉडी पुढे तिथूनच तडकेल.

लिक्विड मास्क नसेल तर मास्किंग टेप चालते. पॅकिंगची चिकटपट्टी मात्र नको, तिचा गोंद मागे राहतो. टेपची कड नखाने किंवा इअरबडने नीट दाबा. कडेखाली फट राहिली की रंग झिरपतो.

पायरी ४: गडद ते फिकट. आधी फक्त काळ्या रेघांवरची साल सोला आणि काळा मारा. वाळला की लाल भागाची साल सोलून लाल मारा. शेवटी पट्ट्याची साल सोलून पांढरा मारा, आणि तो लालच्या मागूनही फिरवा. म्हणजे मास्किंग एकदाच, सोलणं तीनदा. गडद आधी का? पांढरा आधी मारून त्याच्यामागे काळा गेला तर पांढऱ्यातून काळी छटा डोकावते आणि पट्टा मळकट दिसतो. उलट, लालच्या मागे पांढरा असला की लाल खुलतो. निऑन रंगांना तर मागे पांढरा लागतोच. त्यांच्यातून उजेड आरपार जातो.

पायरी ५: फवारण्याची पद्धत. डबा हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवा, फवारा बारीक येतो. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही, डबा फुटू शकतो. साधारण २० ते २५ सेंटिमीटरवरून मारा. पहिला हात नुसता धुक्यासारखा, आरपार दिसेल असा. एकाच वेळी जाड मारलात तर ओला रंग कडेखाली घुसतो आणि ओघळतो. तीन-चार पातळ हात द्या, मध्ये वाळू द्या. मग बॉडी ट्यूबलाइटसमोर धरा. कुठे विरळ राहिलंय ते लगेच दिसेल.

पावसाळ्यात घाई करू नका. दमट हवेत असा रंग वाळताना दुधाळ पडू शकतो. कोरडी दुपार बघा.

आणि फुप्फुसं बॉडीपेक्षा महाग आहेत. या रंगातलं सॉल्व्हंट कापडी किंवा सर्जिकल मास्कने अडत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. फवारणी गच्चीवर किंवा मोकळ्या हवेत करा. जवळ शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती काहीही पेटलेलं नको.

सगळं वाळलं की खिडक्यांचे मास्क काढा. काळसर काचा हव्यात? मग आतून पारदर्शक स्मोक रंगाचा एक हलका हात द्या. तो बाकीच्या रंगांच्या मागे जातो, त्यामुळे तिथे वेगळं झाकावं लागत नाही. आता अगदी शेवटी बाहेरची फिल्म सोला. तोपर्यंत बॉडी धुळकट, मळकी दिसत असते. फिल्म निघाली की खालून लखलखीत लाल गाडी बाहेर येते. स्टिकर लावायचे ते यानंतर, बाहेरून.

पहिली बॉडी करताना दोनच रंग घ्या आणि कागदावर फक्त क्रम लिहून काढा: बाहेरून सगळ्यात पुढे काय दिसायला हवं, त्याच्या मागे काय, आणि अगदी मागे काय. तो कागद बरोबर असेल तर निम्मं काम झालंच समजा. भेटू पुढच्या भागात!