रोशा गवत : वर्गीकरण आणि प्रसार

वनस्पतीचे शास्त्रीय नाव कळले की तिची ओळख पूर्ण झाली, असे आपण सहज मानतो. हा समज कसा अपुरा आहे, हे खानदेशातील रोशा गवताच्या उदाहरणावरून पाहू.

वर्गीकरण : रोशा हे पोएसी म्हणजे तृणकुलातील सुगंधी, बहुवर्षायू गवत होय. आपल्या परसातील गवती चहाप्रमाणेच त्याचा समावेश सिंबोपोगॉन या प्रजातीत होतो. ‘मार्टिनाय’ हे त्याचे जातिनाम विल्यम रॉक्सबर्ग यांनी जनरल क्लॉड मार्टिन यांच्या नावावरून दिले. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धकाळात मार्टिन यांनी या गवताचे बी दक्षिणेतील बालाघाट प्रदेशातून मिळवले होते.

या एकाच जातीत ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ असे दोन प्रकार आढळतात. वाळवलेल्या नमुन्यांवरून ते वेगळे ओळखणे कठीण असते. तेलात मात्र मोठा फरक पडतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हा घटक साधारणपणे ७५ ते ९० टक्के असतो व त्याला गुलाबासारखा गंध येतो. सोफियाच्या तेलात हे प्रमाण कमी असते, म्हणून त्याला भावही कमी मिळतो. दोन्ही गवते एकाच भट्टीत पडली, तर साऱ्या तेलाचा दर्जा घसरतो.

प्रसार : हा भेद ओळखण्यास जमीन साहाय्य करते. मोतिया कोरड्या, उन्हाच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या डोंगरउतारावर विरळ ठोंबांनी वाढतो. सोफिया ओलसर, सखल जागी दाट उगवतो. सातपुड्याच्या पायथ्याचा गवत कापणारा माणूस जागा पाहतो, पान चुरगाळून हुंगतो आणि मग विळा लावतो.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. वस्तुतः ते तुर्कस्तानचेही नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. व्यापारी नावात बाजारपेठ उरली. ज्या मातीत गवत उगवले, ती माती हरवली.

म्हणून वर्गीकरण आणि प्रसार यांचा अभ्यास एकत्रच करावा लागतो.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका गवताचे स्थानिक नाव, उगवण्याची जागा व उपयोग यांची माहिती १०० शब्दांत लिहा.