मॉस्कोतला मेरीचा मुका
जुलै १९२६. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे हॉलिवूडचं लाडकं जोडपं मॉस्कोत आलं आणि बघ्यांची झुंबड उडाली. वृत्तपटाच्या कॅमेऱ्यांनी ती गर्दी, पाहुण्यांचे हसरे चेहरे टिपून ठेवले.

विलक्षण गोष्ट पुढेच आहे. दिग्दर्शक सर्गेई कोमारोव्ह यांनी ही दृश्यं कल्पित कथेत गुंफून १९२७ मध्ये अख्खा मूकपट उभा केला: ‘मेरी पिकफर्डचं चुंबन’. नायक थिएटरातला साधा डोअरकीपर. भूमिका इगोर इलिन्स्कीची. मेरी त्याच्या गालावर ओठ टेकते, तो क्षण मात्र कॅमेऱ्यासमोर खरोखर घडलेला! मग गालावरच्या त्या लिपस्टिकच्या खुणेपायी चाहते त्याच्या मागे हात धुऊन लागतात, आणि बिचाऱ्याला पळता भुई थोडी होते.