वास्तुशांतीचा मुहूर्त आणि भोगवट्याचा दाखला

नव्या घरांत राहावयास जाणारा गृहस्थ पंचांग पाहतो, गुरुजींस विचारतो, घटिका चुकूं नये म्हणून घड्याळाकडे दहादां नजर टाकतो. परंतु या इमारतींत राहण्यास महानगरपालिकेनें परवानगी दिली आहे काय, हा साधा प्रश्न मात्र तो क्वचितच विचारतो. वास्तुशांत झाली, किल्ली हातीं आली, कीं घर आपलें झालें, ही समजूत आमच्या मध्यमवर्गांत आणि गाळे घेणाऱ्या व्यापारी मंडळींतहि घट्ट रुजलेली आहे.

कायदा याविषयीं मुळींच संदिग्ध नाहीं. मुंबईस १८८८ चा आणि पुणें, नाशिक आदिकरून शहरांस १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू आहे. इमारत पुरी झाल्यापासून एक महिन्याच्या आंत बांधणारानें आयुक्तांस लेखी सूचना द्यावी, तीसोबत विहित नमुन्यांतील दाखला जोडावा आणि तपासणीची सर्व सोय करून द्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. मजले मंजूर नकाशांतले तेवढेच आहेत काय, जिना दाखविला तेवढा रुंद आहे काय, मोकळी म्हणून सोडलेली जागा खरोखरच मोकळी आहे काय, हें पाहिल्यावर मग भोगवट्याची परवानगी. त्याआधीं जोत्याचीहि तपासणी असते, आणि आमच्या मतें तीच अधिक मोलाची. जोत्याच्या वेळीं भिंत हातभर मागें घेणें सोपें. सातव्या मजल्याचें छत पडल्यावर तें कोणास साधणार?

१९६३ च्या सदनिका मालकी कायद्यानें तर पूर्णत्वाच्या दाखल्यावांचून ताबा देण्यास बांधणारास आणि घेण्यास ग्राहकास, अशी दोघांसहि मनाई केली आहे. ग्राहकाविषयींचें कलम कायद्यांत कंसांत घातलें आहे. म्हणूनच कीं काय, आमच्या लोकांनीं तें आजवर कंसांतच ठेवलें!

याचें फळ काय होतें तें पाहा. समृद्धि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांस १९९७ सालीं ताबा मिळाला, दाखला मिळाला नाहीं. त्यापायीं घरपट्टी २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के अधिक भरणें त्यांस भाग पडलें. दाखला न मिळविणें ही सेवेंतील उणीव असून ती चालूच राहणारी चूक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून मिळावयास २०२२ साल उजाडलें. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतींत मंजुरीपेक्षां कितीतरी अधिक मजले चढले होते. ते पाडण्याचा निर्णय २०१३ सालीं झाला, तेव्हां तेथें राहणाऱ्यांचें अर्धें आयुष्य त्या भिंतींआड गेलेलें होतें.

दोष केवळ बांधणाराच्या लोभाचा आहे असें म्हणून आम्ही कचेरीस मोकळें सोडणार नाहीं. सूचना पोंचल्यापासून २१ दिवसांत आयुक्तांनीं नकार कळविला नाहीं, तर इमारतीचा भोगवटा करण्यास आडकाठी राहत नाहीं, असें त्याच कायद्यांत लिहिलें आहे. अर्थात्‌ नकाशाबाहेरचें बांधकाम अशा मौनानें नियमित होत नाहीं. पण हे २१ दिवस मोजावयाचे कोठून? सूचनेची पोंच व तारीख ग्राहकांच्या हातीं नसेल, तर बांधणारा कचेरीकडे बोट दाखवितो आणि कचेरी अपुऱ्या कागदांकडे.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें दाखला मिळवून तो ग्राहकांस उपलब्ध करून देण्याची जबाबदारी बांधणारावर स्पष्टपणें टाकली आहे. तेव्हां शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं ग्राहकांनीं एकत्र येऊन पूर्णत्वाच्या सूचनेची पोंच लेखी मागावी. ती मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं महानगरपालिकेकडूनच नक्कल घ्यावी. आणि महानगरपालिकांनींहि प्रत्येक प्रभागाच्या कचेरीबाहेर एक फळा लावावा: अमुक इमारतीची सूचना अमुक तारखेस आली, तपासणी अमुक तारखेस झाली, परवानगी दिली अथवा अमुक कारणास्तव नाकारली. एवढ्यास नवा कायदा लागत नाहीं, खडू पुरतो.