पॉल रॅडमिलोविच: 4 सुवर्णपदकं जिंकणारा वॉटर पोलोपटू

1920, अँटवर्प. ऑलिंपिक वॉटर पोलोची फायनल, समोर यजमान बेल्जियम, स्कोअर 2-2. शेवटच्या काही मिनिटांत ब्रिटनच्या पॉल रॅडमिलोविचने गोल मारला आणि प्रेक्षक इतके खवळले, की विजेत्या संघाला सशस्त्र बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं!

1886 साली कार्डिफमध्ये जन्मलेल्या पॉलचे वडील क्रोएशियन, तर आई आयरिश वंशाची. वॉटर पोलोत त्याने 1908, 1912 आणि 1920 अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. चौथं 1908 मधल्या पोहण्याच्या रिलेचं. 1916 चं ऑलिंपिक महायुद्धामुळे झालंच नाही, नाहीतर कदाचित पाचवंही आलं असतं. 1928 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षीही तो ब्रिटनकडून पाण्यात उतरला होता. त्याचा चार सुवर्णांचा ब्रिटिश विक्रम रोइंगपटू स्टीव्ह रेडग्रेव्हने मोडला, तोही थेट 2000 साली.