गाडी कोणाची, नाव कोणाचे?

जत्रेतला आकाशपाळणा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो कोणाचा, असे विचारले तर माणूस तिकिटे फाडणाऱ्या मालकाकडे बोट दाखवतो. त्याचा आस कोणत्या लोहाराने घडवला, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. आणि पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा उठला म्हणजे तर मुळीच सुचत नाही.

याच पाळण्याचे मोठे भावंड म्हणजे रोलर कोस्टर. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ साली ‘नायट्रो’ नावाचा कोस्टर सुरू झाला. बसणाऱ्याच्या पायाखाली फळी नसते, पाय अधांतरी लोंबतात. तेथून परतलेली मुले उद्यानाचे नाव सांगतात, गाडीचेही सांगतात. ती घडवणाऱ्या बॉलिगर अँड मॅबिलार्ड या स्वित्झर्लंडमधील माँते गावच्या कारखान्याचे नाव मात्र शंभरांत एकालाही ठाऊक असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आमचे आयुष्य कारखान्यांच्या दारांवर गेले, म्हणून ही गोष्ट आम्हांला खुपते. एके ठिकाणी नव्या यंत्राचे उद्घाटन आम्ही पाहिले आहे. हार मालकाला, नारळ पाहुण्याला, आणि तीन रात्री जागून यंत्र बसवणारा फिटर मागच्या रांगेत टाचा उंचावून पाहत होता! असो.

या धंद्यातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. डिस्नेलँडचे नाव लहान मुलालाही ठाऊक आहे. १९५९ च्या जूनमध्ये तेथे ‘मॅटरहॉर्न’ सुरू झाला आणि या विद्येचे रूपच पालटले. तोवरचे बहुतेक मोठे कोस्टर लाकडी असत. लाकडाच्या थरांवर पोलादी पट्टी ठोकून रूळ करीत. मॅटरहॉर्नला पोलादी नळीचा रूळ आला. नळी हवी तशी वाकवता येते, पिळता येते. त्यामुळे गाडीला नुसते वर-खाली न जाता हव्या त्या अंगाने वळता येऊ लागले. हे काम केले ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील हा मुळात एक साधा यंत्रकामाचा कारखाना. १९५५ साली डिस्नेलँड उघडले तेव्हाच्या कित्येक गाड्याही याच लोकांनी केल्या होत्या. १९६० साली डिस्नेने कंपनीचा एक तृतीयांश हिस्सा विकत घेतला. म्हणजे कामाची किंमत मालकाला पुरेपूर कळली होती. तरी लोकांच्या तोंडी नाव राहिले ते डिस्नेचेच.

पुढे १९७५ साली ॲरोनेच माणसाला उलटे करून पुन्हा सुलटे करणारा पहिला आधुनिक कोस्टर, ‘कॉर्कस्क्रू’, उभा केला. कॅलिफोर्नियातील त्या उद्यानाने तो नंतर विकला. १९९० पासून तो आयडाहो राज्यात सिल्व्हरवुड येथे फिरू लागला. खुद्द ॲरोचे २००१ च्या अखेरीस दिवाळे निघाले.

दुसरी गोष्ट उभ्या फेऱ्याची. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एकाने बांगडीसारखा गोल फेरा केला होता. त्यात माणसांच्या माना दुखावत. कारण असे : गोल फेऱ्याच्या माथ्यावर शरीर हलके होते आणि तळाशी जड, या दोहोंतला फरक शरीराच्या वजनाच्या सहापट असतो. आपल्याच अंगावर आपल्यासारखी पाच माणसे आणखी बसली असे समजा! जर्मनीचे आंतोन श्वार्त्सकॉफ आणि त्यांचे अभियंते व्हेर्नर श्टेंगल यांनी हा प्रश्न सोडवला. त्यांनी फेरा पाण्याच्या थेंबासारखा केला. तळाशी वळण मोठे, माथ्याशी लहान. तळाचा भार त्यामुळे पुष्कळ कमी होतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटनवर हा फेरा सुरू झाला. उद्यानाने त्याचे नाव पुढे अनेकदा बदलले; त्या नावांत श्वार्त्सकॉफ कधीच नव्हते. त्यांचाही कारखाना १९८३ साली दिवाळ्यात गेला.

उद्यानाचा मालक म्हणेल, पैसा माझा, जागा माझी, रोज सकाळी गाडी तपासणारी माणसे माझी, अपघात झाला तर जबाबदारीही माझी. हे खोटे नाही. पण सिनेमाचा निर्माता पैसा घालतो म्हणून दिग्दर्शकाचे नाव पडद्यावरून कोणी पुसत नाही. इथे प्रवेशद्वारी एक पाटी लावायला काय खर्च येतो? या खेळाचे जे शौकीन देशोदेशी पसरले आहेत, ते कारखान्यांची नावे तोंडपाठ म्हणतात. ते मूठभर, रांगेतला हजारोंचा समुदाय कोराच राहतो.

आता आमच्याच संघटनेतला एखादा जोडारी विचारील, ‘दादा, कारखान्याचे नाव लागले म्हणजे वेल्डरचे लागले काय?’ नाही लागले, बाबा. ते भांडण वेगळे आहे आणि ते आम्ही सोडलेले नाही. पण कारखान्याचेच नाव जिथे नाही, तिथे वेल्डरचे कोठून येणार?

तोवर खोपोलीला गेलात तर रांगेत उभे असताना गाडीच्या चाकांकडे जरा पाहा. एक चाक रुळावर असते, एक बाजूला, आणि तिसरे रुळाच्या खालून. गाडी उतारावरून उसळली तरी हे तिसरे चाक तिला उडू देत नाही. ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन माणसाची. त्याचे पेटंट १९१९ चे आहे.