साथीच्या दिवसांतील संगीतशिक्षण

मराठीत 'साथ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. गवयाला तबल्याची साथ असते आणि गावात रोगाची साथ येते. मार्च २०२० मध्ये दुसरी साथ आली आणि तिने पहिली पार हिरावून नेली. मैफिली बंद पडल्या, भजनी मंडळे बसली, गणपतीच्या आरत्या घरच्या चार माणसांत आटोपल्या. या सर्वांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. ज्याविषयी फारसे कोणी बोलले नाही तो विषय आम्ही येथे घेतला आहे, तो म्हणजे लहान मुलांच्या शाळेतील गाण्याचा तास. तो दुरून कसा घेतला गेला, त्यात काय साधले, काय साधणे शक्यच नव्हते, आणि त्याचा बोजा कोणाच्या पाठीवर पडला, एवढेच सांगावयाचे आहे.

युनियनच्या माणसाला संगीतात काय कळते, असे एखादा श्रोता म्हणेल. आम्ही रात्रशाळेत शिकलो आणि पुढचे वाचून शिकलो, तेव्हा पांडित्याचा दावा नाही. पण डफ आणि तुणतुणे यांच्याविना गेट मीटिंग कशी थंड पडते हे आम्ही पाहिले आहे. शिवाय तासावर राबणारा संगीतशिक्षक हा कामगारच आहे, आणि त्याची कैफियत आमच्या टेबलावर आली म्हणूनच या विषयात आम्हाला शिरावे लागले.

प्रथम मुदत लक्षात घ्यावी. मार्च २०२० च्या मध्याला महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडू लागले ते १ डिसेंबर २०२१ पासून, मुंबईत तर १५ डिसेंबरला. मधले जवळजवळ वीस महिने गेले. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा हा चौथा हिस्सा होय, आणि सूर-तालाचे कान तयार होण्याचे हेच वय.

बरे, शाळा उघडल्यावर तरी गाणे मोकळे झाले काय? नाही. गाणे हेच धोक्याचे ठरले होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात एका हौशी गायकवृंदाची तालीम १० मार्च २०२० रोजी झाली. अडीच तासांच्या त्या तालमीला ६१ माणसे होती आणि त्यांपैकी एकाला आधीपासून सर्दी-खोकल्याची लक्षणे होती. पुढे त्या ६१ मधील ५३ जण निश्चित वा संभाव्य रुग्ण ठरले आणि दोघे मरण पावले. मोठ्याने गाताना माणूस साध्या बोलण्यापेक्षा पुष्कळ अधिक सूक्ष्म तुषार हवेत सोडतो आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. म्हणून प्रार्थना रांगेत उभे राहून म्हणण्याची जी आपली जुनी रीत, तीच सर्वांत शेवटी परत आली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गणिताचा तास मोबाइलच्या पडद्यावर बरावाईट होऊ शकतो, मग गाण्याचा का अडतो? पुष्कळांनी समजूत करून घेतली की मुलांचे लक्ष नाही किंवा शिक्षकाला यंत्र येत नाही. खरे कारण निराळे आहे आणि ते समजण्यास कोणतीही पदवी लागत नाही.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर जाण्यास त्याला सेकंदाचा तीन हजारांश भाग लागतो. दोन वादक एकत्र वाजवतात तेव्हा एकाचा ठोका दुसऱ्याला किंचित उशिराच ऐकू येतो, पण पंचवीस-तीस हजारांशापर्यंतचा उशीर कानाला खपतो. हे अंतर आठ-दहा मीटरांचे झाले. आपले भजनी मंडळ दाटीने बसते ते केवळ जागा अपुरी म्हणून नव्हे! मोबाइलवरून बोलताना मात्र आवाजाचे तुकडे करून ते पाठवावे लागतात, वाटेत थांबे असतात, पलीकडे ते पुन्हा जुळवावे लागतात. यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो, पुष्कळदा त्याहून अधिक. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे हवेतील ६८ मीटर. एक टाळकरी मैदानाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि म्हणा, धरा ठेका!

हिशेब पुढे चालवू. केरवा, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, म्हणजे प्रत्येक मात्रा अर्ध्या सेकंदाची. गुरुजींनी टाळी दिली, ती मुलाला पाचवा हिस्सा उशिरा ऐकू आली. मुलाने अगदी तिच्यावरच टाळी दिली, त्याचे काही चुकले नाही. ती टाळी परत येण्यास आणखी पाचवा हिस्सा गेला. गुरुजींच्या कानी ती सेकंदाच्या चार-दशांशानंतर पडली, म्हणजे जवळजवळ पुढच्या मात्रेवर. गुरुजींना वाटते मुलगा मागे पडला, म्हणून ते लय ओढून धरतात. मुलाला वाटते गुरुजी थांबले, म्हणून तोही थांबतो. दोघे एकमेकांची वाट पाहत पाहत गाणे शेवटी बसकण मारते. अशी चाळीस मुले एकत्र म्हणू लागली की जो गलका होतो तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगणे नको. यावर उपाय एकच निघाला, तो म्हणजे बाकी सर्वांचे आवाज बंद ठेवावेत, गुरुजींनी गावे आणि मुलांनी आपापल्या घरी त्यांच्याबरोबर म्हणावे. मुलाला ते समूहगान वाटते, पण गुरुजींना एकाही मुलाचा सूर कळत नाही.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक आहे. ही यंत्रे माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहेत. बोलणे तुटक असते. पंख्याची घरघर किंवा गिरणीतला खडखडाट एकसारखा असतो. म्हणून एकसारखा आवाज आला की यंत्र तो गोंगाट समजून दाबते. आणि आपला तानपुरा? त्याचे सारे मोल एकसारखेपणातच! परिणामी ज्या आधारस्वरावर मुलाने सा लावायचा तोच वाटेत विरघळतो, आणि लांबवलेला सूरही मध्येच खाली बसतो. काही प्रणालींत ही सफाई बंद करून मूळ आवाज पाठवण्याची सोय आहे, पण ती शोधून लावणे सर्वांनाच जमत नाही. त्यात मोबाइलचा कर्णा बोटाएवढा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. एवढा खालचा नाद तो कर्णा नीट काढीत नाही, वरचे उपनाद तेवढे ऐकवतो. ऐकणाऱ्याचा कान उरलेले मनाने भरून घेतो, तरी एवढ्या खालच्या सुराशी आपला सूर जुळवणे लहान मुलाला अवघड जाते. म्हणून चतुर गुरुजींनी आपल्या घरातील स्त्रीच्या किंवा मोठ्या मुलीच्या आवाजात पाठ ध्वनिमुद्रित करून पाठवले, आणि ते मुलांनी लवकर उचलले.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग दुरून संगीत शिकवणे अशक्यच. तसे मुळीच नाही. आपल्याकडे गाणे शिकवण्याची मूळ रीत काय आहे? गुरूने एक ओळ म्हणावी, थांबावे, शिष्याने ती म्हणावी. यात दोघे एकाच वेळी गातच नाहीत. उशीर जो व्हायचा तो मधल्या विश्रांतीत जिरून जातो. जे बाके मांडून चाळीस कंठांनी एकदम शिकवण्याचे तंत्र ते मोबाइलने मोडले, आणि जे जुने समोरासमोरचे तंत्र ते तगले. यापुढची पायरी म्हणजे ध्वनिसंदेश. गुरुजींनी एका मिनिटाचा पाठ पाठवावा, मुलाने सवडीने ऐकावा, दहा वेळा ऐकावा, आपले गाणे परत पाठवावे. हे टपालाने गाणे शिकण्यासारखे झाले. त्यात उशिराचा प्रश्नच नाही, आणि चित्रासह बोलण्यापेक्षा डेटाही फार थोडा लागतो.

अंतरावरून संगीत पोचवण्याचा उद्योग तसा नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांत कोंडलेल्या चिजा 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीने छापल्या, तेही मराठीत. मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, कोमलाला खाली आडवी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणांवर गाणे कागदावरून प्रवास करू लागले. पुढे नभोवाणी आली. युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडमधील मुले शहरांतून खेड्यांत हलवली गेली, त्या १९३९ सालीच बीबीसीने शाळांसाठी मुलांनी रेडिओबरोबर गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. शब्द-स्वरांच्या पुस्तिका शाळांना मिळत आणि तो कार्यक्रम सुमारे साठ वर्षे चालला. रोगाच्या साथीचाही दाखला आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये पोलिओमुळे शिकागोच्या शाळा उघडू शकल्या नाहीत, तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांना रेडिओवरून धडे दिले गेले आणि त्यांचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापले गेले.

आता लहान मुलाला प्रथम शिकवावयाचे तरी काय? राग नव्हे. एकसारखा ठेका धरता यावा, उंच-नीच ओळखता यावे, ऐकलेला सूर आपल्या गळ्यातून काढता यावा, बस्स. याला पेटी लागत नाही. सहा मात्रांचा दादरा मांडीवर वाजवता येतो. आणि घरात भांडी असतातच. आम्हाला सर्वांत आवडलेला पाठ वाट्यांचा. चार सारख्या वाट्या घ्याव्यात, त्यांत कमी-अधिक पाणी घालावे आणि चमच्याने हलकेच वाजवाव्यात. जिच्यात पाणी अधिक तिचा सूर खाली जातो. मग एक बाटली घेऊन तिच्या तोंडावर फुंकावे. येथे पाणी वाढवले की सूर वर चढतो. मूल चक्रावते, आणि चक्रावलेच पाहिजे. वाटीत कंप पावते ती वाटीची भिंत, पाणी तिला जड करते. बाटलीत कंप पावते ती आतली हवा, पाणी तिला आखूड करते. जलतरंगाचे शास्त्र इतक्या स्वस्तात वर्गात कधीच शिकवले गेले नव्हते, कारण वर्गात चाळीस मुलांना चाळीस वाट्या कोण देणार! साथीने केलेला हा एक उपकारच म्हणावा लागेल.

पण हे ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांचे. 'असर' या पाहणीनुसार २०२० मध्ये ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. वाढ मोठी खरी. तथापि घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. २०२१ च्या पाहणीत फोन असलेल्या घरांतील सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो मिळतच नव्हता. फोन बापाच्या खिशात, बाप कामावर. त्यातून केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच पाठ असावेत अशी मर्यादा होती. मुलांच्या डोळ्यांच्या दृष्टीने ती रास्त होती, पण दोन पाठांत गाण्याचा नंबर कधी लागणार? आमच्याच एका सभासदाने विचारले, "भाऊ, गणिताच्या तासाला मोबाइल देतो, गाण्याला कशाला देऊ?" त्याच्या घरी तीन मुले आणि फोन एक. त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटली नाही.

पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवण्याचा 'बोलकी शाळा' हा प्रयोग झाला. गाण्याच्या दृष्टीने हे साधन मोबाइलपेक्षा सरस आहे असे आमचे मत आहे. एका कर्ण्याभोवती अंतर राखून बसलेल्या मुलांना ठेका एकाच क्षणी ऐकू येतो, त्यांच्या टाळ्या एकत्र पडतात. साध्या साधनाने तो उशीरच नाहीसा होतो.

राहता राहिला शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले आहे. संगीताचे वेगळे नाव नाही, ते कलेच्या पोटात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी चित्रकला येते आणि गाणे राहते. जे थोडे संगीतशिक्षक आहेत ते बहुधा तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे. आमच्याकडे आलेल्या एका शिक्षकाला त्याच्या संस्थेने टाळेबंदीत सांगितले की वर्गच भरत नाही, तेव्हा तासिका नाही, आणि तासिका नाही तर मानधन नाही. त्याच संस्थेने पालकांना मात्र कळवले की संगीताचे पाठ मोबाइलवर चालू आहेत. ते चालू होतेच, तोच घेत होता.

त्याच्या कामाचा हिशेब आम्ही त्याच्यासमोर बसून कागदावर मांडला. पाठ मुद्रित करण्यास अर्धा तास. वर्गात मुले ४०. प्रत्येकाचे गाणे दोन मिनिटे ऐकायचे आणि एक मिनिट त्याला उत्तर द्यायचे. हे झाले १२० मिनिटे. म्हणजे जो तास शाळेत ३५ मिनिटांत उरकत असे तो घरी अडीच तासांचा झाला, आणि हजेरीपटावर त्याची नोंद शून्य. गिरणीत साचे वाढवून मजुरी तीच ठेवली तर कामगार काय म्हणेल? येथे तर मजुरीच काढून घेतली होती. आम्ही संस्थेला जे पत्र दिले त्यात दोनच मागण्या होत्या. पाठवलेला पाठ आणि तपासलेले ध्वनिसंदेश यांची नोंद ही हजेरी मानावी, आणि दर तीस तपासलेल्या संदेशांना एक तासिका धरावी. तीन बैठकांनंतर पहिली मागणी मान्य झाली. दुसरीवर तीसऐवजी साठ हा आकडा ठरला, आणि तो पहिली नोंद झाली त्या महिन्यापासून लागू झाला, मागच्या महिन्यांचे काही मिळाले नाही.