पोत : भिंत, चित्र आणि शब्द

मराठी समीक्षेत 'पोत' हा शब्द सर्रास वापरला जातो. भाषेचा पोत, अनुभवाचा पोत, निवेदनाचा पोत अशा प्रयोगांत तो इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मूळचा हा शब्द कापडाचा आणि मातीचा. कापड घेताना ते दोन बोटांत धरून पाहिले जाते. शेतकरी जमिनीचा पोत सुधारण्याविषयी बोलतो. दोन्ही ठिकाणी पोत म्हणजे वस्तूवर चढविलेली शोभा नव्हे, तर ती वस्तू कशी घडली आहे याची हाताला पटणारी खूण होय. साहित्यसमीक्षेत आल्यावर मात्र हा शब्द 'शैली'चा एक मोघम पर्याय होऊन बसला. चित्रकलेत पोत हा आजही प्रत्यक्ष, भौतिक घटक आहे. म्हणून युद्धोत्तर काळातील दोन चित्रकार, स्पेनमधील आंतोनी तापिएस आणि मराठी कलाविश्वातील वासुदेव गायतोंडे, यांच्या चित्रांतील पोताचा विचार करून या संज्ञेला साहित्यविचारात काही निश्चित अर्थ देता येतो का, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

या विचाराला मराठीत एक पार्श्वभूमी आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचा विचार तिच्या माध्यमातील संवेदनांच्या परस्परसंबंधांच्या आधारे केला. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची संघटना होते, अशी त्यांची भूमिका सर्वपरिचित आहे. या मांडणीत चित्राचे माध्यम दृक्संवेदनांचे, तर संगीताचे नादसंवेदनांचे. पोताची अडचण येथेच सुरू होते. चित्रातील खरखरीतपणा डोळ्यांनी पाहिला जातो, परंतु त्याचा प्रत्यय स्पर्शाचा असतो. दालनात चित्राला हात लावण्यास मनाई असते. तरीही पाहणाऱ्याच्या बोटांना वाळूचा कण जाणवतो. पोत म्हणजे एका इंद्रियाने दुसऱ्या इंद्रियाला दिलेली आठवण, असे म्हणता येईल. ज्या चित्राचा आशयच पोतात आहे, त्याला केवळ रंग-रेषांच्या संबंधांची परिभाषा अपुरी पडते.

२

तापिएस यांचा जन्म १९२३ मध्ये बार्सिलोना येथे झाला. १९३६ ते १९३९ या काळातील यादवी युद्ध त्यांनी किशोरवयात पाहिले. फ्रँकोच्या राजवटीत १९४८ साली बार्सिलोनात कवी आणि चित्रकारांनी 'दाउ अल सेत' हा गट स्थापन केला, त्यात ते होते. प्रारंभीची स्वप्नसदृश प्रतिमासृष्टी सोडून पन्नाशीच्या दशकात ते द्रव्यप्रधान चित्राकडे वळले. रंगात वाळू आणि संगमरवराची भुकटी मिसळून त्यांनी जाड थर उभारले. ते ओरबाडले, त्यांना भोके पाडली, चिरा दिल्या. १९५७ मध्ये माद्रिदमध्ये 'एल पासो' हा गट निघाला. त्यातील मानोलो मिलारेस यांनी गोणपाट फाडून, शिवून चित्रे केली. द्रव्याचाच आशय करण्याची ही प्रवृत्ती त्या पिढीत अशी व्यापक होती.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील 'महाचित्र' (१९५८) हे तापिएस यांचे या काळातील एक प्रातिनिधिक चित्र होय. सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटरांहून अधिक रुंद असा हा कॅनव्हास तैलरंग आणि वाळू यांनी घडला आहे. गेरू-पिवळसर मातकट पृष्ठभाग, त्यावर टोचल्यासारख्या खुणा आणि ओरखडे, एवढाच त्याचा ऐवज. त्यात कोणतीही आकृती नाही. तरीही हे चित्र निराशय वाटत नाही, कारण त्याच्यासमोर उभे राहणारा माणूस प्रत्यक्षात एका भिंतीसमोर उभा असतो. कातालान भाषेत 'तापिया' म्हणजे भिंत. आपल्या आडनावातील हा योगायोग तापिएस यांना ठाऊक होता. १९६९ मध्ये त्यांनी भिंतीविषयी निबंध लिहून युद्धकाळातील शहराच्या भिंतींशी असलेले आपल्या चित्रांचे नाते स्पष्ट केले. जेथे उघड बोलण्यास बंदी असते, तेथे भिंत हीच सार्वजनिक वही होते. याच चित्रकारांची चित्रे राजवटीने आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत आपल्या आधुनिकतेचा पुरावा म्हणून मिरविली, हा इतिहासातील मोठा उपरोध. अमूर्ताला विषय नसतो, या समजाचा सत्तेने सोयीस्कर उपयोग करून घेतला. पोत वाचता न येणे हे केवळ रसिकतेचे अपयश नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हे वाचन शिकविताना अध्यापकासमोर एक व्यावहारिक अडचण असते. छापील प्रतिकृतीत रंग काही अंशी टिकतो, पोत मात्र जवळजवळ नाहीसा होतो. गुळगुळीत कागदावरील वाळू ही वाळू राहत नाही. परंतु चित्र दूर असले तरी भिंत दूर नाही. एकेकाळी रेल्वेचे विजगृह जेथे चालत असे, त्या ठाकुर्लीतील विद्यार्थ्याला न्यूयॉर्कला जाण्याची आवश्यकता नाही. पावसाळा सरल्यावर एखाद्या जुन्या चाळीची भिंत त्याने नीट पाहावी. चुन्याचे एकावर एक चढलेले थर, ओल धरून आलेले पोपडे, शेवाळाचे वाळलेले काळे डाग, भित्तिपत्रकाचा खरवडून उरलेला कोपरा, कुणीतरी खिळ्याने कोरलेले नाव यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी कृतीचा अवशेष आहे. ऊन-पावसाने आणि माणसांनी केलेल्या कृतींचा क्रम या पृष्ठभागावरून उलगडता येतो. मात्र भिंत म्हणजे चित्र नव्हे. भिंतीवर हे अवशेष आपोआप साचतात. चित्रकार ते निवडतो, थांबवितो आणि चौकटीत आणतो. पोताचे कलेत रूपांतर होते ते या निवडीमुळे.

३

गायतोंडे यांचा पोत याच्या विरुद्ध दिशेने जातो. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या, गोमंतकीय कुटुंबातील या चित्रकाराने १९४८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. १९५७ मध्ये तोक्यो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. १९६४-६५ मध्ये शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७२ पासून दिल्लीत राहिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते. 'वस्तुनिरपेक्ष' ही संज्ञा त्यांना जवळची वाटे. हा केवळ शब्दांचा आग्रह नव्हता. 'अमूर्त' म्हटले की आधी काही मूर्त होते आणि त्याचे सार काढले, असे गृहीत धरावे लागते. गायतोंडे यांच्या चित्रामागे असे मूळ शोधावे लागत नाही.

त्यांची पद्धती अभ्यासण्याजोगी आहे. कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी ते रंगाचे पातळ थर पसरीत. ओल्या थरावर कागदाचे फाडलेले तुकडे ठेवून रंग उमटवीत किंवा उचलून घेत. थर चढत आणि काही अंशी निघत. जे उरे त्यातून प्रकाश आतून झिरपल्यासारखा दिसे. तापिएस यांचा थर प्रेक्षकाच्या दिशेने पुढे येतो, गायतोंडे यांचा थर आत ओढून घेतो. एकाच्या पोतात जाडी प्रत्यक्ष आहे, दुसऱ्याच्या पोतात ती दिसणारी खोली आहे.

तथापि 'एकाने भर घातली, दुसऱ्याने वजाबाकी केली' असे म्हणणे अतिसुलभ ठरेल. तापिएसही खरवडतात आणि गायतोंडेही थर चढवितात. खरा भेद खुणेच्या स्वरूपात आहे. तापिएस यांच्या ओरखड्यात ओरबाडणारा हात दिसतो. तेथे कुणाला तरी इजा झाली आहे. गायतोंडे यांच्या चित्रात रोलर आणि कागद यांच्या मध्यस्थीमुळे हात अदृश्य होतो. झेन विचारसरणीशी त्यांचे असलेले नाते या 'स्व'च्या विलोपनाशी ताडून पाहता येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मुंबईतील संग्रहात त्यांची चित्रे आहेत. ज्या गुगेनहाइम संग्रहालयाने १९६२ मध्ये तापिएस यांचे प्रदर्शन भरविले होते, तेथेच २०१४-१५ मध्ये गायतोंडे यांचे प्रदर्शन झाले. त्या प्रदर्शनाच्या शीर्षकात चित्र हे 'प्रक्रिया' म्हणून निर्दिष्ट केले होते, हे अर्थपूर्ण आहे.

४

या विवेचनावरून पोताविषयी तीन प्रश्न निष्पन्न होतात : द्रव्य कोणते? त्याच्यावर कोणती क्रिया घडली? आणि त्या क्रियेची कोणती खूण राखली गेली? साहित्यकृतीलाही हे प्रश्न विचारता येतात. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहात वस्तीतील बोली, शिव्या आणि धंद्याचे शब्द गाळून, धुऊन घेतलेले नाहीत. ते वाळूच्या कणांसारखे कवितेच्या पृष्ठभागावर तसेच उभे राहतात आणि प्रमाणभाषेच्या वाचकाला बोचतात. ही बोच म्हणजेच त्या कवितेचा पोत होय. 'भाषा रांगडी आहे' एवढे म्हणून तिची बोळवण करणे म्हणजे भिंतीला रंग देऊन टाकणे. उलट पु. शि. रेगे यांच्या 'सावित्री' (१९६२) या कादंबरीत सावित्रीची पत्रे आहेत. तिला आलेली पत्रे वाचकासमोर येत नाहीत. एक संपूर्ण थर उचलून घेतला आहे आणि त्याचा ठसा मात्र उरलेल्या पत्रांवर राहिला आहे. तेथील पारदर्शकता ही साधेपणाची नव्हे, तर काढून घेण्याच्या क्रियेची निष्पत्ती आहे.

अर्थात या साम्याला मर्यादा आहेत. शब्दाला वाळूसारखी जाडी नसते. त्याच्यावर असतात ते वापराचे, जातीचे, प्रदेशाचे, व्यवसायाचे थर, आणि ते वाचकाला स्पर्शाने नव्हे तर भाषिक स्मृतीने जाणवतात. म्हणूनच एकाच कृतीचा पोत दोन वाचकांना सारखा लागत नाही. एकाला जो शब्द बोचतो, तो दुसऱ्याच्या घरातला असू शकतो. पोताची नोंद करताना समीक्षकाने आपली बोटे कोणत्या कापडाला सरावलेली आहेत, याचेही भान ठेवावयास हवे. तसे केले तर 'पोत' ही संज्ञा मोघम प्रशंसेतून बाहेर पडून कृती कशी घडली हे दाखविणारी संज्ञा होईल. कापड पारखणाऱ्याच्या आणि माती हातात घेणाऱ्याच्या भाषेत हा तिचा अर्थ पहिल्यापासूनच होता.